मेणातला थोरला

गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. एक थोरला, एक धाकटा. दोघांच्या जन्मात अंतर फार तर पाव तासाचं, पण तेवढ्या भांडवलावर थोरल्यानं जन्मभर थोरलेपण गाजवलं आणि धाकट्यानं ते गुमान चालवून घेतलं. जुळे भाऊ, आणि तेही असे की एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, "ह्या दोघांसाठी मला आरसा लागत नाही. एकाची कटिंग झाली की दुसऱ्याला समोर बसवतो, म्हणतो, बघून घे कसं झालंय ते."

खाली त्यांचं दुकान, सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं. वर दोन बिऱ्हाडं, दारं समोरासमोर, मध्ये जिना. थोरल्याची बायको ती थोरली आणि धाकट्याची ती धाकटी, हेही ओघानं आलंच. थोरलीची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. धाकटीला मूलबाळ नव्हतं. दोघी जावा असूनही त्यांच्यात कधी भांड्याला भांडं लागलं नाही. लागलं तरी आवाज जिन्यापर्यंत आला नाही.

मग थोरल्याच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, की काविळीचा एक विषाणू जन्माच्या वेळीच आईकडून त्याच्या अंगात आला होता. इतकी वर्षं यकृतात बसून होता, न दिसणाऱ्या पोटभाडेकरूसारखा. आणि आता तिथं गाठ झाली होती, कर्करोगाची. डॉक्टर म्हणाले, तुमचा जुळा भाऊ आहे ना, त्यालाही आणा. धाकट्याला काही होत नव्हतं, तो हसतहसत गेला. त्याच्याही यकृतात गाठ निघाली. जवळजवळ तेवढीच.

दोघांची शस्त्रक्रिया एकाच दवाखान्यात, एकाच सर्जनच्या हातून झाली. दोघं एकाच वेळी घरी परतले, एकाच वेळी उकडलेलं, मिळमिळीत जेवले, एकमेकांच्या टाक्यांची चेष्टा केली. वर्ष व्हायच्या आत थोरल्याची गाठ परत आली. या वेळी एक नाही, पुष्कळ. धाकट्याची आली नाही.

थोरला गेला, त्याला आता सहा वर्षं झाली होती.

नवरा गेलेल्या बाईला घर खायला उठतं म्हणतात. थोरलीचं तसं नव्हतं. तिचं घर तिला खायला उठत नव्हतं, कारण नवरा घरातून गेलाच नव्हता. सकाळी तो जिना उतरायचा, तिसऱ्या पायरीवर किंचित थांबून. दुकानात खाकरायचा. दोघं भाऊ वर्षानुवर्षं एकाच ताग्यातून शर्ट शिवून घेत आले होते, त्यामुळे समोरच्या गॅलरीत थोरल्याचा शर्ट वाळत असायचा, ओला, बाह्या लोंबत असलेला. हे सगळं धाकट्याचं आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं डोक्यात असतं, आणि काळजाचा ठोका चुकतो तो खाली छातीत.

पहिल्याच वर्षी एकदा भर दुपारी जिन्याखालून हाक आली, "कात्री वर राहिलीय का गं?" थोरली भाजी चिरत होती. "आहे हो, आणते," म्हणत ती उठली, फडताळावरची कात्री घेतली आणि जिन्याच्या तोंडाशी आली. खाली धाकटा उभा होता. त्यानं आपल्या बायकोला विचारलं होतं. तो वर बघत राहिला, ती खाली बघत राहिली. समोरच्या दारातून धाकटीही बाहेर आली होती, तिच्याही हातात कात्री होती. त्या दिवसापासून धाकट्यानं जिन्याखालून हाक मारणं सोडलं. काही लागलं की तो स्वतः चढून वर यायचा. आणि थोरलीनं त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं. बोलायची ती त्याच्या हातांशी, चपलांशी, शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण तिच्या मनात एक सल होता. थोरल्याचे शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. खोलीच्या दाराला दुधी काच होती. त्या काचेपलीकडे बाकावर धाकट्याची सावली रोज बसलेली असायची. रोज यायची, बसायची, जायची. आत म्हणून कधी आली नाही. शेवटच्या दिवशीही नाही. सख्खा भाऊ, एका पोटात एकाच वेळी वाढलेला, मरताना चार पावलं आत आला नाही. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण विसरलीही नाही. आणि त्या सलाच्या खाली, आणखी तळाशी, एक वाक्य होतं. ते ती स्वतःशीसुद्धा पुरतं उच्चारत नसे. जायचं होतं एकाला, तर मग हाच का.

एक दिवस धाकटी तिच्याकडे आली आणि दारातच घुटमळली. "ताई, दवाखान्यातून फोन आला होता. कुणी डॉक्टरबाई आहेत, संशोधन करतात. यांना रक्त द्यायला बोलावलंय. आणि तुमच्याशी बोलायचंय म्हणाल्या."

"माझ्याशी काय बोलायचंय? माझ्याकडे आता कोण आजारी आहे?"

"भावोजींबद्दल." धाकटीनं पदराशी चाळा केला. "त्यांचा तुकडा अजून दवाखान्यात आहे म्हणाल्या. ऑपरेशनात काढलेला. मेणात ठेवलाय म्हणे."

थोरलीच्या हातातली परात खाली गेली नाही हे नशीब. तिनं ती हळूच ओट्यावर ठेवली. सगळं झालं होतं. निरोप देऊन झाला होता, कपडे वाटून झाले होते, चष्मासुद्धा कुणाला तरी दिला होता. आणि हा माणूस अजून एका दवाखान्यात, कुठल्याशा कपाटात होता. सहा वर्षं. आणि तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. सारखं वाटत राहिलं, तिथं थंडी असेल. मग स्वतःलाच म्हणायची, अगं वेडे, मेणात कसली थंडी! पण ते वाटणं काही जाईना. तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिनं पिशवी उचलली आणि दवाखाना गाठला. मनाशी ठरवलं होतं, तो तुकडा मागून घ्यायचा. पुढं त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

डॉक्टरबाई तिच्या मुलीच्याच वयाच्या निघाल्या. केस कसेबसे बांधलेले, डोळे जागरणाचे. थोरलीनं बसायच्या आत सांगून टाकलं, "मी माझ्या मिस्टरांना न्यायला आलेय."

बाई हसल्या नाहीत. थोरलीला ते आवडलं. त्या म्हणाल्या, "नेता येईल काकू. तुमचा हक्क आहे. तपासणीसाठी काढलेला तुकडा आम्ही नंतरही जपून ठेवतो, पुढं कधी गरज लागली तर. तुम्हाला तेव्हा कुणीतरी सांगितलं असेल, पण त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहतं? आधी बघणार का?"

पलीकडच्या खोलीत भिंतभर कपाटं होती, छोट्याछोट्या खणांची. एका खणातून बाईंनी प्लॅस्टिकची एक चपटी डबी काढली. आत मेणाची वडी, साबणाच्या उरलेल्या चिपेएवढी. तिच्या मधोमध काहीतरी फिकट, मातकट रंगाचं होतं, नखाएवढं. थोरलीनं तळहात पुढं केला. बाईंनी वडी त्यावर ठेवली. वजन असं काही नव्हतंच.

"हेच?"

"हेच."

थोरली बराच वेळ हात तसाच धरून उभी राहिली. वडी हाताच्या उबेनं मऊ पडेल की काय, या भीतीनं शेवटी तिनंच ती परत केली.

"आम्ही याचे काप काढतो," बाई म्हणाल्या, "केसापेक्षाही कितीतरी पातळ. काचपट्टीवर लावतो, रंगवतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली आत काय चाललंय ते दिसतं. एक काप मागच्या महिन्यात काढला होता. पुढच्या कामासाठी तुमची परवानगी हवी, म्हणून थांबलेय."

सूक्ष्मदर्शकात डोळा घालायला थोरलीला जरा वेळ लागला. आधी नुसत्या स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग निळसर जांभळं काहीतरी, वरून पाहिलेल्या वस्तीसारखं, दाटीवाटीनं. बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. "ह्या मोठ्या, आडदांड दिसतात ना, त्या गाठीच्या पेशी. आणि कडेला बघा, तपकिरी ठिपके. दिसले?"

दिसले. पुष्कळ होते. गाठीच्या कडेकडेनं रांग लावल्यासारखे, एकाला एक खेटून उभे.

"त्या रोगप्रतिकारक पेशी. शरीराचं रक्षण करणाऱ्या. गाठ मारायला त्याच येतात."

"आल्यात की मग."

"आल्यात. पण आत नाही गेल्या."

थोरलीनं डोळा काढला नाही. "का नाही गेल्या?"

"आता धाकट्यांचा काप बघा." बाईंनी पट्टी बदलली. तीच दाटी, तीच आडदांड पेशींची वस्ती, पण इथं तपकिरी ठिपके आत घुसले होते. सगळीकडे. जागोजागी मोठ्या पेशींना घेराव घातलेला, काही ठिकाणी तर पेशीचा मागमूस नाही, नुसते ठिपके.

"शस्त्रक्रियेनंतर एखादी पेशी मागं राहिली असेल तरी यांनी ती शोधून खाल्ली असणार," बाई म्हणाल्या. "असं आम्हाला वाटतं. खात्रीनं सांगत नाही. म्हणून तर हे काम."

"पण बाई, ते जुळे होते हो. एका साच्यातले. मग एकाचे पहारेकरी शूर आणि एकाचे भित्रे, असं कसं?"

"भित्रे कुणाचेच नव्हते." बाईंनी खुर्ची ओढून तिला बसवलं. "जन्माची जनुकं दोघांची तंतोतंत सारखी होती. ती मी तपासली तरी फरक सापडणार नाही. पण गाठ जन्माची नसते, काकू. ती ज्याची त्याची. एखादी पेशी बिघडते, तिच्यात जनुकांचे नवे बिघाड होत जातात, ते प्रत्येक गाठीत वेगळे. काही गाठींत एक ठरावीक जनुक बिघडलं, तर पहारेकऱ्यांना आत बोलावणारा संदेशच बाहेर जात नाही. ते येतात, दारापर्यंत येतात, आणि उभे राहतात. थोरल्यांच्या गाठीत तसं झालं असावं अशी मला शंका आहे. ती तपासायचीय."

"म्हणजे त्यांनी काही कमी केलं नाही."

"कुणी?"

"आमच्या यांनी. खाण्यापिण्यात, औषधात. मी काही कमी केलं नाही."

"नाही हो काकू. मुळीच नाही."

थोरलीनं चष्मा पुसला. मग विचारलं, "तपासल्यावर वडीचं काय होईल?"

इथं बाई थोड्या अडखळल्या. "आधीच थोडी उरलीय. सगळ्या तपासण्या केल्या तर संपेल."

थोरलीनं वडी मागितली नाही आणि परवानगीही दिली नाही. "ठेवा अजून. सांगते," एवढं म्हणून ती निघाली. येताना तिला वाटेत कुठंच गाडीघोडी दिसली नाही, माणसं दिसली नाहीत. दिसत होते ते दारापाशी उभे असलेले ठिपके.

घरी आली ती जिना न चढता तडक दुकानात शिरली. धाकटा एका खुर्चीचं जुनं कापड उसवत बसला होता, तोंडात बारीक खिळ्यांसारख्या चार-दोन चुका धरलेल्या. वहिनी दुकानात आल्या म्हणताना त्यानं त्या तळहातावर काढल्या आणि उठून उभा राहिला. ती त्याच्या हातांकडे बघून म्हणाली, "भावोजी, रक्त द्यायला जा. नाही म्हणू नका."

"जाईन. तुम्ही म्हणत असाल तर उद्याच जाईन."

तिथून ती जायची ती गेली नाही. "एक विचारू? तुम्ही त्या वेळी आत का नाही आलात?"

त्यानं न समजल्याचं नाटक केलं नाही. खुर्चीच्या उघड्या पडलेल्या काथ्यावर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "दादानं येऊ दिलं नाही."

"ते? ते तर शुद्धीत नव्हते अर्धा वेळ."

"त्याच्या आधी. बोलत होता तेव्हा. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता, मी आत गेलो होतो. म्हणाला, परत आत यायचं नाही. घरी असताना तू आलास की ती तुझ्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी काय होतो आणि काय झालोय, ते तिला तू उभ्याउभ्या दाखवतोस. तिच्या डोळ्यांत मला ते बघायचं नाही." धाकट्यानं तळहातावरच्या चुका खुर्चीच्या हातावर ठेवल्या. "आयुष्यात त्याचं कधी मोडलं नव्हतं, वहिनी. ते शेवटचं होतं, ते कसं मोडू? म्हणून बाहेर बसायचो. आतून खोकला आला की कळायचं, दादा आहे."

सहा वर्षं तिनं ज्याला पाण्यात पाहिलं होतं, तो तिच्याच नजरेमुळे बाहेर बसला होता. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

धाकट्यानं रक्त दिलं. आठवड्याभरात दवाखान्यातून बोलावणं आलं. रक्तातला एक आकडा वर गेला होता, संशोधनाच्या निमित्तानं डॉक्टरबाईंच्या लक्षात आला होता. नेहमीच्या तपासणीला अजून अवकाश होता. पोटाचा फोटो काढला तर यकृताच्या दुसऱ्या बाजूला एक ठिपका दिसला.

धाकटीनं हाय खाल्ली. गॅसवर दूध उतू जातंय आणि ही भिंतीकडे बघत बसलीय, असं व्हायला लागलं. सुईनं तुकडा काढायच्या दिवशी तिचे पायच उचलेनात. "ताई, तुम्ही जा हो. मला तिथं नाही जाववत. तुमच्या वेळचं सगळं बघितलंय मी."

म्हणून थोरली गेली. तोच दवाखाना, तोच मजला, खोली दुसरी, पण दाराला दुधी काच तशीच. परिचारिका म्हणाली, त्यांना गुंगी आहे, बसा तुम्ही. थोरली दारापाशी उभी राहिली. आत कॉटवर कोण आहे ते तिला माहीत होतं. तरी हात कडीवर जाईना. एकदा जे पाहून झालं होतं ते तिला पुन्हा, पहिल्यापासून, बघायला लागणार होतं. तेच नाक, तेच कपाळ, तीच उशी. एक माणूस दोनदा मरताना बघायची पाळी कुणावर येते?

ती आत गेली. पडद्यातून पिवळसर उजेड येत होता आणि तो सगळा त्याच्या तोंडावर सांडला होता. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, गाल खाली गेलेले. तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो."

पापण्या हलल्या. "वहिनी," तो जड जिभेनं म्हणाला, "मी आहे. मी धाकटा."

"हो. हो, माहितीय," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. आणि मग, आता तो गुंगीतच आहे, बघितलं तर कळणार नाही म्हणून, तिनं इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. थोरल्याच्या कधी झाल्या नव्हत्या, तेवढा वेळच त्याला मिळाला नव्हता. वरचा एक दात पडला होता. हनुवटीवर चुकेची जखम होऊन बुजलेली रेघ होती, ती केव्हा झाली हे तिला ठाऊकच नव्हतं. ती शोधत राहिली. नवऱ्याला शोधत राहिली त्या चेहऱ्यात. तो कधी इथं दिसायचा, कधी तिथं, आणि नीट बघायला गेलं की नसायचा.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी धाकट्याला आणि थोरलीला समोर बसवून सांगितलं. ही गाठ जुनी परत आलेली नाही. नवी आहे, वेगळी. हिच्यात तो बिघाड आहे, ज्याची थोरल्यांच्या बाबतीत शंका होती. पहारेकरी हिच्याही बाहेरच उभे आहेत.

धाकटा हसला. "म्हणजे शेवटी दादाचीच आली. लहानपणापासून त्याचे जुने कपडे मी घालत आलो, ही कशी राहील?"

"तुमच्या आणि त्यांच्या कपड्यांत पाव तासाचंच तर अंतर होतं," थोरली म्हणाली, "जुने कसले?" तिघंही हसली.

"ही फार लहान आहे," बाई म्हणाल्या. "सुई घालून जागच्या जागी जाळून टाकता येईल. पहारेकऱ्यांवर सोडायचीच नाही. मात्र पुढं कायम लक्ष ठेवावं लागेल. परत येणारच नाही असं मी म्हणणार नाही."

धाकटा तारीख ठरवायला बाहेर गेला तेव्हा थोरली मागं राहिली. "ती वडी तपासलीत तर भावोजींना उपयोग होईल?"

बाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "नाही, काकू. खोटं कशाला सांगू? त्यांच्या उपचारात त्यानं काही बदलणार नाही. पुढं कधीतरी, कुणाला तरी, कदाचित."

थोरलीनं खिडकीतून खाली पाहिलं. धाकटा अंगणात उभा होता, पाठमोरा, दोन्ही हात कमरेवर. थोरलाच. पाठमोरा अजून थोरलाच होता.

"वापरा," ती म्हणाली. आणि सही केली.

ठिपका जाळला. धाकटा काही दिवस कुरकुरला, मग दुकानात बसायला लागला. पुढचा फोटो स्वच्छ आला, त्याच्या पुढचाही. धाकटी पुन्हा दूध वेळेवर उतरवायला लागली. थोरली मात्र आत आत कशाची तरी वाट बघत होती. तिकडे यंत्रावर केसापेक्षा पातळ काप निघत असतील, एकामागून एक. आज किती उरला असेल, ती मनाशी म्हणायची, आणि कामाला लागायची. धाकट्याची पावलं जिन्यावर वाजली की दचकायची अजून, पण आता दचकून दार उघडायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची. रोज बघायची. आणि रोज थोरला त्यात थोडा कमी सापडायचा. वयानं नि दुखण्यानं धाकट्याचा चेहरा सुजट झाला होता, केस विरळ झाले होते. हे बरं की वाईट ते तिला ठरवता येत नव्हतं.

एका संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. शंका खरी निघाली होती. तो बिघाड थोरल्याच्या गाठीत होता. त्यांनी हे दोन भावांचं उदाहरण आपल्या कामात घेतलं होतं. मग त्या म्हणाल्या, "काकू, आज शेवटचा काप निघाला. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

"बरं केलंत."

"रिकामी डबी आहे. हवी असेल तर..."

"नको," थोरली म्हणाली. "डबीत काय आहे आता?"

फोन ठेवल्यावर ती घरभर फिरली. मुलीला फोन लावावा असं वाटलं, पण तिला हे कुठून समजावून सांगायचं? ती जिन्याच्या तोंडाशी आली आणि समोरचं दार वाजवलं. धाकट्यानं उघडलं. हातात टॉवेल, नुकतंच तोंड धुतलेलं. तिचा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं, वहिनी?"

"संपला," ती म्हणाली.

त्याला सगळं कळलं. टॉवेल तसाच हातात धरून तो उंबऱ्याबाहेर आला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसला. आणि रडायला लागला. थोरल्याला तिनं एकदोनदा रडताना पाहिलं होतं, तो तोंड फिरवायचा, खाकरायचा, डोळ्यात काही गेल्याचं सांगायचा. हा तसा रडत नव्हता. तोंड उघडं टाकून, मोठ्यानं, हरवलेल्या पोरासारखा रडत होता. हे रडणं ह्याचं एकट्याचं होतं. थोरली त्याच्या शेजारी बसली, आणि मग तिलाही आवरेना.

आवाज ऐकून धाकटी धावत बाहेर आली. हाताला पीठ, तोंडावर भीती. "काय झालं? कोण गेलं?"

"थोरला," थोरली म्हणाली.

धाकटी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिनं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच येऊन त्यांच्या मागच्या उंबऱ्यावर बसली.